पोटाच्या ऑपरेशननंतर: खान्देशातले रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

अपेंडिक्स, पित्ताशय, हर्निया, आतड्याला पडलेलं छिद्र, आतड्यातली गाठ, गर्भपिशवी. पोट उघडण्याची कारणं वेगवेगळी असतात, पण वॉर्डाच्या दारात उभे राहून नातेवाईक विचारतात ते प्रश्न बरेचसे तेच असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली घरं डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. तुमच्या सर्जननी सांगितलेलं आणि इथलं यांत फरक पडला तर त्यांचं ऐका. तुमच्या रुग्णाचं पोट आतून त्यांनी पाहिलंय, आम्ही नाही.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ऑपरेशन चांगलं झालं." मग आता धोका टळला ना?

टेबलावरचा टळला. नंतरचा अजून यायचा असतो आणि त्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांचं लक्ष रक्तस्राव, लघवी आणि छाती यांवर असतं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास आतडी जागी व्हायला हवीत. जखमेत पू होणं, आतड्याचा जोड गळणं, पोटाची शिवण उसवणं हे त्रास बहुतेक वेळा पाचव्या ते दहाव्या दिवसांत डोकं वर काढतात. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी पहिल्या महिन्यात कधीही होऊ शकते. हर्निया महिन्यांनी येतो, आतड्यांचे चिकटे (आतडी आत एकमेकांना चिकटणं) कधी कधी वर्षांनी.

आता यात अडचण अशी की बरेच रुग्ण पाचव्या-सहाव्या दिवशी घरी जातात. म्हणजे सगळ्यात नाजूक दिवस पारोळ्याच्या, साक्रीच्या किंवा अक्कलकुव्याच्या घरात काढायचे असतात, जिथे ना नर्स असते ना मॉनिटर. त्या दिवसांत पाहणारे डोळे तुमचेच.

शंभरातल्या किती जणांना त्रास होतो? खरा आकडा सांगा.

एकच आकडा सांगणारा माणूस तुम्हाला फसवतोय. ठरवून, उपाशीपोटी, साखर ताब्यात आणून केलेलं हर्नियाचं ऑपरेशन एका टोकाला, आणि टायफॉइडनं आतड्याला भोक पडून दोन दिवस घरी काढल्यावर रात्री उघडलेलं पोट दुसऱ्या टोकाला. दोन्हीला "पोटाचं ऑपरेशन" म्हणतात, इतकंच साम्य.

तरी अंदाज यावा म्हणून दोन अभ्यास सांगतो. पहिला २०१८ साली प्रसिद्ध झाला. ६६ देशांतले साडेबारा हजार रुग्ण त्यात होते. पचनसंस्थेच्या ऑपरेशननंतर जखमेत संसर्ग होण्याचं प्रमाण विकसित देशांत ९.४ टक्के, मधल्या गटात १४ टक्के आणि मागे राहिलेल्या देशांत २३.२ टक्के निघालं. दुसरा अभ्यास २००९ चा, अमेरिकेतला. त्यात सर्वांत कमी मृत्यू होणारी रुग्णालयं आणि सर्वांत जास्त मृत्यू होणारी रुग्णालयं शेजारी ठेवून पाहिली. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं, अनुक्रमे २६.९ आणि २४.६ टक्के. पण गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के दगावले आणि दुसऱ्यात २१.४ टक्के. त्रास सगळीकडेच होत होता. तो किती लवकर ओळखला आणि लगेच काय केलं, यानं फरक पडला.

मला दुसरा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यातली अर्धी गोष्ट आपल्याकडे रुग्णालयाबाहेर घडते. "सकाळपर्यंत पाहू" म्हणून काढलेली रात्र कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

त्रास झाला म्हणजे डॉक्टरांनी चूक केली असं समजायचं का?

काही वेळा चूक असते, बहुतेक वेळा नसते. उत्तम हातांनी केलेला आतड्याचा जोडही गळतो, कारण तो भरून येणं रुग्णाच्या रक्तपुरवठ्यावर, पोषणावर, साखरेवर आणि तंबाखूवरही अवलंबून असतं. जगभरचे सर्जन गुंतागुंतीच्या पाच पायऱ्या मानतात. ही वर्गवारी २००४ सालापासून रूढ आहे. जागेवर टाका मोकळा करून भागलं ती पहिली. रक्त द्यावं लागलं किंवा खास औषधं लागली ती दुसरी. पुन्हा ऑपरेशन किंवा नळी टाकणं ही तिसरी, आयसीयू चौथी आणि मृत्यू पाचवी. डॉक्टर "थोडा प्रॉब्लेम झालाय" म्हणाले तर नेमकं काय झालं, त्यावर आता काय करणार आणि कधीपर्यंत वाट पाहणार, हे तीन प्रश्न विचारा. ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यासाठी भांडण करावं लागत नाही.

बेशुद्ध करण्याआधी पुन्हा पुन्हा नाव आणि कुठल्या बाजूचं ऑपरेशन हे का विचारतात? त्यांना माहीत नाही का?

माहीत असतं. जागतिक आरोग्य संघटनेची ती तपासणी-यादी आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. कंटाळा न करता दर वेळी नाव सांगा.

दुर्बिणीतून करतो म्हणाले आणि शेवटी पोट फाडलं. काही बिघडलं का?

आत खूप सूज असेल, सगळं एकमेकांना चिकटलेलं असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर छिद्रांतून अंदाजानं चालवण्यापेक्षा पोट उघडणं हा शहाणपणा. पित्ताशय काढताना तर ही सावधगिरी हवीच, कारण शेजारच्या मुख्य पित्तनलिकेला इजा झाली तर तिचं दुखणं वर्षानुवर्षं पुरतं. अशी इजा हजारात तीन ते पाच जणांना होते. ऑपरेशनआधी संमतिपत्रावर ही शक्यता लिहिलेली असते. सही करण्याआधी कुणाकडून तरी ते मोठ्यानं वाचून घ्या.

पित्ताशय काढलं, पण दुखतोय खांदा!

दुर्बिणीच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेला वायू श्वासपटलाला डिवचतो आणि कळ खांद्यात जाते. दोन-तीन दिवसांत थांबतं. चाला.

मात्र पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद आणि शौच पांढरट झाली, तर ती वेगळी गोष्ट आहे. त्याच दिवशी सर्जनला गाठा. काविळीचं गावठी औषध घेत बसलात तर नेमके कामाचे दिवस जातात.

पोट फुगलंय, वारा सरत नाही. एरंडेल द्यायचं का?

नाही. पोट उघडलं की आतडी काही काळ सुस्तावतात. लहान आतडं लवकर जागं होतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस. म्हणूनच राउंडला येणारा प्रत्येक डॉक्टर "गॅस पास झाला का?" असं विचारतो आणि सासूसमोर सून लाजून गप्प बसते. लाजू नका, त्या उत्तरावर जेवण ठरतं.

चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही पोट ढोलासारखं असेल, हिरवट उलटी होत असेल, तर कारण शोधावं लागतं. कधी रक्तातलं पोटॅशियम कमी झालेलं असतं, कधी आत पू असतो, कधी आतडं पिळलेलं असतं. जुलाबाचं औषध किंवा एनिमा यांतल्या काही कारणांत आतडं फोडू शकतं. घरच्या घरी दोन्ही करू नका.

आंबट खाल्लं की टाके पिकतात, भातानं पू होतो, केळीनं कफ होतो, वांगं वातूळ. मग द्यायचं काय?

या यादीत नसलेलं काही उरतं का? आठवडाभर नुसत्या पातळ साबुदाण्यावर आणि चहा-बिस्किटांवर ठेवलेला रुग्ण जखम भरायला लागणारं प्रथिन आणणार कुठून? टाके जंतूंनी पिकतात, लिंबानं पिकत नाहीत. भातानं पू होत नाही. यावल-रावेरच्या पट्ट्यात बसून केळी वर्ज्य करणं तर मला कधीच कळलेलं नाही. एकदा खायला परवानगी मिळाली की केळ मऊ असतं, पचायला सोपं असतं आणि त्यात पोटॅशियम असतं, जे आतड्याच्या हालचालीला लागतं. किडनीचा विकार असेल तर तेवढं विचारून घ्या.

साधारण क्रम असा: आधी घोट घोट पाणी, मग नारळपाणी, ताक, डाळीचं पाणी, मग मऊ खिचडी, मुगाचं वरण, दूध, दही, उकडलेलं अंडं. पूर्वी वारा सरेपर्यंत पूर्ण उपाशी ठेवत. गेल्या वीसेक वर्षांत अनेक ठिकाणी लवकर खायला देण्याची पद्धत आली आहे आणि ती रुग्णाला मानवते. ऑपरेशनआधीचा उपासही आता मर्यादित झाला आहे: जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुमच्या रुग्णाला आतड्याचा अडथळा असेल तर हा हिशेब लागू नाही, तिथे डॉक्टर सांगतील तसंच.

दादरची भाकरी दुधात कुस्करून आठवडाभरानं चालते. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी आणि तेलाचा तवंग आलेलं भरीत जरा थांबू द्या. त्यानं टाके पिकतात म्हणून नव्हे. जळजळ, गॅस आणि जुलाब झाले तर ते ऑपरेशनमुळे की जेवणामुळे हे आम्हालाही कळत नाही. मोठ्या आतड्याचा जोड असेल तर बिया, साली आणि चोथा कधी सुरू करायचा हे विचारून घ्या. महिना-दीड महिन्यानं हिवाळा असेल, तर शेतातल्या भरीत पार्टीला खुशाल जा.

"टाका पिकना" असं म्हणतात. कसं ओळखायचं, काय करायचं?

टाक्याभोवतीची लाली रोज पसरतेय, जागा गरम आणि टणक लागतेय, ठणका वाढतोय, घाण वासाचं पाणी येतंय, ताप आहे. यातलं काही दिसलं तर दाखवा. आत पू असेल तर डॉक्टर एक-दोन टाके मोकळे करतात आणि जखम उघडी ठेवून रोज ड्रेसिंग करतात. नातेवाईक इथे घाबरतात: "शिवलेलं पुन्हा उघडलं!" पण पू बाहेर काढणं हाच त्यावरचा मुख्य उपचार आहे, गोळ्या दुय्यम. उघडी जखम तळापासून भरत येते. तीन आठवडे लागतील, भरते मात्र चांगली.

हळद, राख, कुटलेला पाला, मेडिकलमधून आणलेली पावडर यांतलं काहीही जखमेत घालू नका. जखम कोरडी असेल तर दोन दिवसांनी आंघोळ चालते, अनेक सर्जन तसंच सांगतात. साबणाचं पाणी वरून वाहू द्या, चोळू नका, स्वच्छ पंचानं टिपून घ्या. एप्रिल-मेच्या खान्देशी उन्हात आंघोळ बंद ठेवून घामात पोट झाकून ठेवणं हीच जंतूंची सोय.

रुग्णालयाकडून काय होऊ शकतं, हेही सांगायला हवं. भारतासह सात देशांत १३,३०१ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, पोट शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे आणि अवजारं बदलली तेव्हा जखमेचा संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. २०२२ साली तिचे निष्कर्ष छापून आले. एवढी साधी गोष्ट, पण मोजून पाहीपर्यंत कुणाला खात्री नव्हती.

महिना झाला, छिद्रं भरली होती. आता त्याच जागी न दुखणारी गाठ आलीय आणि पाणी झिरपतंय.

दुर्बिणीच्या छिद्रांत क्षयाच्या जंतूंच्या चुलत भावंडांचा संसर्ग होऊ शकतो. ते जंतू पाण्यात असतात आणि अवजारं नीट निर्जंतुक न झाल्यास आत जातात. ताप नसतो, फारसं दुखत नाही आणि नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत. दुकानातून पाच-पाच दिवसांचे कोर्स घेत हिंडू नका. गाठीतला नमुना खास तपासणीला पाठवावा लागतो आणि औषधं काही महिने चालतात.

जखमेतून अचानक गुलाबीसर पाणी आलं, पट्टी भिजली. दुखत तर नाही.

हा प्रश्न वाचत बसू नका, निघा. सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, खोकल्याच्या उबळीनंतर असं भरपूर गुलाबी पाणी येणं ही पोटाची आतली शिवण उसवत असल्याची खूण असते. वरची कातडी शाबूत दिसते म्हणून फसायला होतं. रुग्णाला पाठीवर झोपवा, गुडघ्याखाली उशी द्या. तोंडानं काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. आतडं बाहेर डोकावत असेल तर आत ढकलू नका. सलाइननं किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवा आणि १०८ ला फोन करा.

आतड्याचा जोड गळतो म्हणजे काय? तो घरी कसा कळणार?

आतड्याचा सडलेला किंवा गाठीचा भाग काढून दोन टोकं जोडतात. ठिबकच्या नळीला जोड देऊन पाहिलेल्या शेतकऱ्याला हे लगेच कळतं: जोडताना सगळं ठीक दिसतं, गळती दाब आल्यावर समजते. आतड्यातून मळ पोटात झिरपू लागला की सगळ्या शरीरात विष पसरतं. गुदाशयाजवळच्या खालच्या जोडांना हा धोका जास्त.

सुरुवात फार मुकाट असते. चांगला सुधारत असलेला माणूस पाचव्या-सातव्या दिवशी "बरं वाटत नाही" म्हणतो. जेवण नको म्हणतो. कालपर्यंत चालत होता, आज उठत नाही. पोट किंचित फुगतं, उचकी लागते. ताप असेलच असं नाही, आणि पॅरासिटामॉल चालू असेल तर तो झाकलाच जातो. अशा वेळी सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार नाडी असते. रुग्ण पंधरा मिनिटं पडून राहिल्यावर मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. विश्रांतीतही पुन्हा पुन्हा १०० च्या वर जात असेल आणि वरच्यापैकी एखादं लक्षण जोडीला असेल, तर फोन करा. १२० च्या वर असेल, धाप लागत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा माणूस बडबडत असेल, तर फोन गाडीत बसून करा. ड्रेन, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी, ठेवलेली असेल तर तिच्यातलं पाणी हिरवट, तपकिरी किंवा घाण वासाचं झालं हीही तितकीच मोठी खूण.

लवकर आलेल्या रुग्णाचं कधी नळी टाकून भागतं, कधी पोट पुन्हा उघडून धुवावं लागतं. दोन दिवस उशिरा आलेल्याचंही तेच ऑपरेशन होतं, पण तोवर किडनी आणि फुप्फुसं थकलेली असतात. मघाच्या अमेरिकी आकड्यांमधला फरक हाच.

तीन चेंडूंचं खेळणं दिलंय. ते फुंकायचं का?

फुंकायचं नाही, ओढायचं. श्वास आत घेऊन चेंडू वर धरायचे, जागेपणी दर तासाला दहा वेळा. पोट दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, तिथे कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. खोकताना जखमेवर उशी दाबून धरा. बिडी-सिगारेट ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद करायची असते. मशेरी आणि गुटखासुद्धा: निकोटिन त्या वाटेनंही रक्तात जातं आणि जखमेकडचा रक्तपुरवठा आखडतो. बायकांच्या मशेरीबद्दल आम्ही बऱ्याचदा विचारत नाही. तुम्ही सांगा.

एका पायाची पोटरी सुजलीय, दुखते.

त्याच दिवशी दाखवा, मालिश करू नका. शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. एकाएकी दम लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त आलं तर थेट १०८. हे टाळण्यासाठीच दुसऱ्या दिवशी तुम्हाला उठवून चालवतात. कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शनं घरीही, कधी चार आठवडे घ्यावी लागतात. ती मध्येच सोडू नका.

आमच्या घरात सिकलसेल आहे. ऑपरेशन करता येईल का?

येईल, पण ते आधी सांगितलं तर. सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल आणि पावरा घरांमध्ये हा आजार बराच आढळतो, आणि खान्देशातल्या पोटाच्या ऑपरेशनांत जो प्रश्न पहिल्या पाचात विचारायला हवा तो हाच.

या आजारात ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी आटलं किंवा शरीर गार पडलं की रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. ऑपरेशनमध्ये या तिन्हींची शक्यता असते. म्हणून भूलतज्ज्ञ सलाइन आधीपासून सुरू करतात, अंग उबदार ठेवतात, ऑक्सिजनवर बारीक लक्ष देतात. पूर्ण आजार असलेल्यांना अनेकदा आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणतात. नंतरच्या दिवसांत छातीत दुखणं, ताप आणि धाप एकत्र दिसली तर हा नुसता कफ समजू नका. ते सिकलसेलचंच गंभीर रूप असू शकतं.

आणखी दोन गोष्टी. सिकलसेलच्या झटक्यात पोट इतकं दुखतं की ते अपेंडिक्ससारखं वाटतं, तेव्हा आजाराची माहिती असेल तर नको असलेलं ऑपरेशन टळतं. आणि या रुग्णांत लाल पेशी सतत फुटत असल्यानं तरुण वयातच पित्ताशयात खडे होतात, म्हणजे पोटाच्या ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यताही जास्त. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिच्यात तपासणी करून कार्ड देतात. ते कार्ड आधारसोबत ठेवा. फक्त वाहक असणाऱ्यांना (आई किंवा वडील, एकाकडूनच हा दोष आलेल्यांना) सहसा त्रास होत नाही, तरी भूल देणाऱ्यांच्या कानावर घाला.

पोटावर पिशवी दिलीय. आता जन्मभर अशीच का?

बऱ्याच जणांची तात्पुरती असते. आतला जोड किंवा संसर्ग शांत झाला की साधारण दोन-तीन महिन्यांनी आतडं परत आत जोडतात. तोवर पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. तिचं भोक आतड्याच्या मापानंच कापा, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होते.

लहान आतड्याची पिशवी असेल तर खरा शत्रू उन्हाळा. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो तेव्हा अशा रुग्णाच्या अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही बाजूंनी जातं. नुसतं साधं पाणी ढोसल्यानं मीठ आणखी वाहून जातं. ओआरएस प्या, मीठ घातलेला मठ्ठा प्या. दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर पातळ शौच पिशवीत येत असेल किंवा लघवी गडद आणि थोडी होत असेल, तर सलाइन लागेल.

वजन कधी उचलायचं? कापूस वेचायला कधी जाता येईल?

पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर सहा आठवडे पाच किलोच्या वर काही नाही: पाण्याची घागर नाही, कडेवर नातू नाही. केळीचा घड किंवा कापसाचं गाठोडं तीन महिने तरी नको, कारण जखमेला मूळच्या ताकदीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो, आणि पूर्ण ताकद कधीच येत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हलकी कामं दोन आठवड्यांत सुरू होतात, जड कामं चार ते सहा आठवड्यांनी. मोटरसायकलवर मागे बसून खड्ड्यांतून जाण्यापेक्षा एसटीत पुढच्या बाजूची जागा बरी.

पोटपट्ट्यानं उठताना-चालताना आधार मिळतो, हर्निया टळत नाही. झोपताना काढा.

वर्षभरानं वणाजवळ फुगवटा आलाय.

हर्निया. पोटाच्या मधोमध मोठा छेद घेतलेल्या शंभरातल्या १० ते २० जणांना होतो. जखम पिकलेली असेल, वजन जास्त असेल, खोकला जुना असेल तर जास्तच. खोकल्यावर येतो आणि झोपल्यावर जातो तोवर ठरवून ऑपरेशन करता येतं. आत जात नाही, टणक झाला, दुखतो आणि उलट्या आहेत, तर ती तातडी आहे.

चिकट्यांचंही तसंच. पोट एकदा उघडलं की आत थोडेफार चिकटे बहुतेकांना होतात, अडथळा मात्र थोड्यांनाच. वीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशननंतरही पिळवटून दुखणं, उलट्या, पोटफुगी आणि शौच-वारा बंद असं एकत्र झालं, तर जुन्या वणाकडे बोट दाखवून डॉक्टरांना ते सांगा.

डिस्चार्जनंतर काही झालं तर पुन्हा पैसे भरायचे का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांतली तपासणी आणि गुंतागुंत धरलेली असते. म्हणून त्या दहा दिवसांत त्याच रुग्णालयात जा, आणि काउंटरवर अडलं तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. ही योजना २ जुलै २०१२ रोजी, तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी नावानं, ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णाला सुरतेला नेणार असाल, तर तिथे कोणती योजना चालते हे निघण्याआधी विचारा.

आम्ही धडगावकडचे. सुट्टी मिळाली तरी शहरात थांबावं का?

आतड्याचा जोड असेल तर हो, शक्य असेल तर दहावा दिवस उलटेपर्यंत नंदुरबार, शहादा किंवा धुळ्याला नातेवाइकांकडे राहा. पावसाळ्यात दरड पडून चांदशैली घाट बंद झाला तर रात्री कुणाचा उपाय चालत नाही. गावी जाणारच असाल तर आधी आशाताईंना डिस्चार्ज कार्ड दाखवून ठेवा. फोनला रेंज कुठल्या टेकडीवर येते ते त्यांना माहीत असतं. फोनवर "पेशंट सिरियस आहे" एवढंच सांगू नका. कोणतं ऑपरेशन, कितवा दिवस, नाडी किती, ताप किती, शेवटची लघवी कधी, वारा सरतोय का, जखमेतून काय येतंय, हे सांगा. समोरच्या डॉक्टरला अर्ध्या मिनिटात निर्णय घेता येतो.

टाके काढायला परत एवढ्या लांब यावंच लागेल का?

जखम कोरडी असेल तर दहा ते चौदा दिवसांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही टाके निघतात. कार्डावर तारीख लिहून घ्या. ओली असेल तर मात्र ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच या. आणि काढलेला भाग तपासणीला पाठवला असेल, तर त्याचा रिपोर्ट घ्यायला कुणीतरी याच. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात कधी कधी कॅन्सर सापडतो, आणि ते त्या कागदावरच कळतं.